तयारीचा शनिवार

प्रभुभोजनाचा द्राक्षारस मी मनुकांचा करत असे. काळ्या मनुका सांगलीच्या पेठेतून आणायच्या, शुक्रवारी संध्याकाळी भिजत घालायच्या, शनिवारी सकाळी त्याच पाण्यात उकळायच्या आणि धुतलेल्या मलमलीतून पिळून घ्यायच्या. पेठेतला जैन दुकानदार वयस्कर होता. त्याने एकदा विचारलं, "बाई, ठरल्यासारख्या मनुका नेता. तुमच्या देवाला खीर आवडते वाटतं?" मी सांगितलं, खीर नव्हे, त्यांचा रस काढून सगळ्यांनी एका प्याल्यातून प्यायचा असतो. तराजू हातात धरून तो थांबला. "सगळ्यांनी? एकमेकांचं उष्टं?" मी हो म्हटलं. त्याने मनुका तोलल्या, पुडा बांधता बांधता वर एक मूठ टाकली आणि म्हणाला, "मग पुरायला पाहिजेत."

ज्या गावासाठी त्या मनुका जात, त्याचं नाव मी लिहीत नाही. मिरजेहून निघणाऱ्या लहान रेल्वेगाडीने कवठे महांकाळच्या बाजूला उतरायचं आणि माळावरून बैलगाडीने जायचं, एवढं पुरे. पाऊस बेताचा. बाजरी, शाळू, थोडी करडई. गावाच्या एका अंगाला आमच्या ख्रिस्ती लोकांची वस्ती होती आणि वस्तीच्या टोकाला कौलारू देऊळ. उपासनेच्या घराला आम्ही देऊळच म्हणत असू. आठवडाभर तिथे शाळा भरे आणि मी मुलांना शिकवत असे. शनिवारी फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला, की त्याचं पुन्हा देऊळ होई.

माझे यजमान त्या मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री, होते. ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्याविषयी लिहावं असं फार दिवस मनात आहे. लिहायला बसलं की दर वेळी मला त्यांचा तो शनिवारच आठवतो. म्हणून तिथूनच लिहिते.

आमच्याकडे प्रभुभोजन दर तीन महिन्यांनी होई, आणि त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तयारीची सभा. मनात कोणाविषयी अढी ठेवून त्या प्याल्याला ओठ लावायचा नाही, असा नियम होता. सगळे सतरंजीवर कडं करून बसत, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. पाळक टेबलामागच्या खुर्चीवर. तिथून ते एकेकाला हाक मारून विचारत, "तुमच्या मनात कोणाविषयी काही आहे का?" बहुतेक जण म्हणत, "मन मोकळं हाय." कोणी आहे म्हणालं, तर ज्याच्याविषयी असेल त्याला पुढे बोलावत. बांधावरचं गवत, लग्नात राहिलेला मान, कोणाची तरी कोंबडी, असे विषय असत. आवाज चढत, एखादी बाई रडे. शेवटी दोघांच्या मध्ये पाण्याने भरलेला पितळी तांब्या ठेवत. एकाने पाणी प्यायचं आणि तांब्या दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दुसऱ्याने त्यालाच तोंड लावून प्यायचं. प्यालं की मिटलं.

ही रीत शास्त्रात नाही. वस्तीत ती कधी सुरू झाली, हे कोणाला सांगता येत नव्हतं. पण गावच्या आडावर ज्यांच्या ओंजळीत पिढ्यान्‌पिढ्या पाणी वरून ओतलं गेलं, त्यांना दुसऱ्याच्या तोंडचा तांब्या हातात घेणं म्हणजे काय, ते मी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

वस्तीत एक म्हातारी विधवा होती. सगळे तिला आत्याबाई म्हणत. एकदा कोंबडीवरून तिचं शेजारणीशी वाजलं होतं. पाणी पिऊन झाल्यावर ती खुर्चीकडे वळून म्हणाली, "प्याले मी पाणी. पर कोंबडी माजीच हुती, एवढं ध्येनात ठेवा."

मंडळीचे थोरले पंच म्हणाले, "आत्याबाई, पाण्यासंगं कोंबडी बी गिळा आता."

"तिनं कवाच गिळलीया," आत्याबाई म्हणाल्या, आणि ती शेजारीणसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

विचारण्याची फेरी दाराजवळ बसलेल्या शेवटच्या बाईपाशी संपे. मग पाळक प्रार्थना करत आणि सभा उठे. खुर्चीवर बसलेल्याला कोणी विचारत नसे. पूर्वी त्या खुर्चीवर मिशनचे साहेब बसत, आणि साहेबांना कोण विचारणार? साहेब वाईट नव्हते. त्यांनी वस्तीत शाळा आणली, आड खणवला, तापाच्या साथीत ते स्वतः घरोघर फिरले. पण ते नेहमी खुर्चीवर होते आणि लोक नेहमी सतरंजीवर, आणि हे दोघांनाही बरोबर वाटत असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या दिवसांत साहेब मायदेशी परत गेले. वय झालं होतं. निघण्याआधीच्या रविवारी त्यांनी माझ्या यजमानांना हाताला धरून त्या खुर्चीवर बसवलं आणि मंडळीला म्हणाले, "आता हे तुमचे मायबाप." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यातला, आपल्या भाषेत बोलणारा माणूस खुर्चीवर बसला होता. मलाही त्या दिवशी अभिमान वाटला.

आम्ही दोघंही साताऱ्याकडचे. मी तिथल्या मुलींच्या बोर्डिंगात शिकले आणि पुढे तिथेच शिकवत होते. ते पाळकपणाचं शिक्षण घेऊन आले, तेव्हा सायकलच्या मागे पुस्तकांचा गठ्ठा बांधून फिरत, आणि उतारावर सायकल लागली की मोठ्याने गात. लग्नानंतर आमच्या सामानात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती. गावात आल्यावर त्यांनी माझ्याजवळ एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलून दाखवली. ते म्हणत, "मी आजारी पडलो आणि उपासना थांबली नाही, की समजायचं मंडळी मोठी झाली."

त्यांचा भरवसा थोरल्या पंचांवर होता. वस्तीतला पहिला बाप्तिस्मा त्यांचा. अंगाने आडवे, मिशा पांढऱ्या, अक्षरओळख जेमतेम. साहेब दौऱ्यावर असत तेव्हा तेच उपासना चालवत. आजाऱ्याच्या उशाशी बसून, त्याचा हात आपल्या हातात घेऊन, दोन ओळींत देवाशी बोलत. त्या दोन ओळी ऐकायला लोक वाट बघत, असं मी ऐकलं होतं. पण आमचा संसार वस्तीत लागला आणि पंच गप्प झाले.

एकदा देवळाच्या ओट्यावर माझे यजमान त्यांना म्हणाले, "पंच, येत्या रविवारी उपदेश तुम्ही करा."

"म्या?"

"साहेब नसायचे तेव्हा करत होताच की."

"तवा कोण नव्हतं म्हून. आता तुमी हायसा. म्या हुबा ऱ्हायलो तर आत्याबाई उठून शेरडं सोडाया जाईल."

"न्हाई बा," आत्याबाई म्हणाल्या. "मी झोपंन. तेवढाच इसावा."

सगळे हसले. माझे यजमानही हसले. रविवारी उपदेश त्यांनीच केला.

पुढे त्यांनी निरनिराळ्या वाटांनी तेच मागितलं. आजाऱ्याकडे निघाले की पंचांना बरोबर नेत आणि म्हणत, आज प्रार्थना तुम्ही करा. पंच पागोटं काढून हातात धरत आणि डोळे मिटून उभे राहत. आपण बोलण्याइतके शहाणे नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. शिकलेला पाळक मिळणं ही वस्तीची मोठी इज्जत होती, आणि ती इज्जत राखायची म्हणजे बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, असा त्यांनी आपल्या मनाशी अर्थ लावला होता.

बेचाळीसच्या चळवळीनंतर आमच्या सगळ्या मुलखातला कचेऱ्यांचा धाक गेला होता. कुंडलच्या बाजूची गावं आपले तंटे आपणच बसून मिटवू लागली होती. आमच्या वस्तीत मात्र जे ते आमच्या ओट्यावर येई. कोणाच्या सुनेला माहेराहून आणायचं, कोणाच्या मुलाचं नाव ठेवायचं, मामलेदाराला काय सांगायचं, हिवतापाची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर. ताटातली भाकरी वाळून जाई. मी चिडले तर ते म्हणत, "अगं, विश्वास आहे म्हणून येतात." विश्वास होता, हे खरं. त्यात लोकांचं स्वतःचं काय काय झिजून चाललं होतं, ते त्यांना माझ्याआधी दिसलं असावं. कारण ते असं म्हणत तेव्हा माझ्याकडे बघत नसत.

एक वेळ मात्र त्यांची स्वतःची होती. उजाडताना ते माळावर जात. तिथे एकच कडुलिंब होता. त्याच्याखाली चालत चालत प्रार्थना करत आणि उन्हं अंगावर आली की परतत. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही असे, की मी चहा पुढे ठेवून बाजूला होई.

आमची मुलगी नुकती बोलायला लागली होती. ताप आला, तो उतरला नाही. उन्हाळा होता. गाडी जुंपून स्टेशन गाठण्याआधीच ती गेली.

दुसरा पाळक यायचा तर सांगलीहून यायला हवा होता, आणि त्या उन्हात तेवढा वेळ थांबता येत नव्हतं. पंचांनी शाळेच्या मोडक्या बाकाच्या फळ्यांची पेटी केली. देवळापासून खड्ड्यापर्यंत पेटी यजमानांनी उचलून नेली, शास्त्रपाठ त्यांनी वाचला, प्रार्थना त्यांनी केली, पहिली मूठमाती त्यांनी टाकली. मुलीचं नाव घेताना त्यांचा आवाज हलला नाही. लोक पुढे कितीतरी दिवस त्याचं कौतुक करत होते. पाळक असावा तर असा, म्हणत होते.

संध्याकाळी वस्ती आमच्या घरी आली. आत्याबाईंना आपले गेलेले दोन मुलगे आठवले आणि त्या जमिनीवर हात आपटून रडू लागल्या. माझे यजमान त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांना धीर दिला. मग आणखी एक जण रडला, त्याला दिला. दिवेलागणीपर्यंत ते एकेकापाशी बसत होते. मी चुलीजवळ होते. आमच्यापाशी बसायला कोणी नव्हतं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. माणसं निर्दय नव्हती. पाळकाच्या घरात दुःख असलं, तर त्याचा इलाजही त्याच घरात असणार, असं त्यांनी धरलं होतं.

त्यानंतर उजाडताना ते माळावर जात, पण मला दारातून दिसे, की ते चालत नाहीत. लिंबाखाली नुसते उभे राहत आणि लवकर परतत.

एका सकाळी चहा घेताना मी विचारलं. ते म्हणाले, "शब्द येतात. पूर्वीपेक्षा चांगले येतात. पण मी ते कोणाला सांगतोय, ते कळत नाही."

"देवाला," मी म्हटलं.

"तसंच शिकलोय."

मी म्हटलं, आपण दोघं मिळून करू. तिथेच बसलो. मी सुरुवात केली, आणि मुलीच्या नावापाशी मला रडू फुटलं. लगेच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला धीर देऊ लागले. वाक्यं चांगली होती. पण आवाज खुर्चीवरचा होता. त्या आवाजात ते माझ्याशी यापूर्वी कधी बोलले नव्हते. मी डोळे पुसून उठले आणि भाकरीच्या पिठात पाणी घातलं. पुन्हा आम्ही तो प्रयत्न केला नाही.

ते एकदा साताऱ्याला जाऊन आपल्या जुन्या गुरुजींना भेटून आले. गुरुजी म्हणाले, पाळकाने मंडळीपुढे डगमगू नये, काम वाढवावं, म्हणजे मन ताळ्यावर येतं. आल्यावर त्यांनी काम वाढवलं. शेजारच्या वाड्यांवर चालत जाऊ लागले. वाळले. लोक म्हणाले, पाळकसाहेबांची भक्ती वाढली.

पुढचं प्रभुभोजन जवळ आलं. शुक्रवारी मी मनुका भिजत घालत होते. ते दारात बसले होते. म्हणाले, "मी सगळीकडे जाऊन आलो. माझ्या मंडळीलाच सांगितलं नाही."

"काय सांगणार?"

"हेच. उद्या तयारीची सभा आहे ना."

मला भीती वाटली. मी म्हटलं, "त्यांना झेपेल का?"

"प्रभूनेही मरणाच्या आदल्या रात्री बागेत मित्रांजवळ सोबत मागितलीच होती की."

"ते झोपले होते."

ते हसले. मुलगी गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "हो," म्हणाले. "पण त्याने मागितली होती."

शनिवारी दुपारी सतरंजी भरली. त्या वेळी वस्तीत फारसं काही बिनसलेलं नव्हतं. मन मोकळं हाय, मन मोकळं हाय, अशी फेरी पुरुषांकडून बायकांकडे आली आणि दाराजवळच्या बाईपाशी संपली. प्रार्थनेसाठी लोक डोळे मिटू लागले. तेव्हा माझे यजमान खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि पंचांशेजारी सतरंजीवर बसले.

"आता मला विचारा," ते म्हणाले.

कोणाला काही उमगलं नाही. आत्याबाई हसून म्हणाल्या, "काय इच्यारायचं? जेवला का म्हून?"

"मी तुम्हाला विचारतो, तेच."

पंच म्हणाले, "आवं, तुमच्या मनात काय असणार?"

"आहे, म्हणून तर म्हणतो. लेक गेल्यापासून माझी प्रार्थना होत नाही. तोंडाने होते, तेवढीच. देवाचं आणि माझं काही तरी बिनसलंय, आणि ते मला एकट्याला मिटवता येत नाही. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा. तुमच्यापैकी कोणी तरी माझ्याबरोबर पाणी प्या."

त्यांनी जवळच भरून ठेवलेला तांब्या उचलला, एक घोट घेतला आणि पंचांपुढे धरला.

पंचांचे हात मांडीवरून उचलले गेले आणि पुन्हा मांडीवर आले. ते तांब्याकडे बघत होते. पाळकाच्या तोंडचा तांब्या घ्यायचा, म्हणजे पाळकाला आपल्या बरोबरीचा करायचा. कोंबडीवरून भांडणाऱ्या बायकांसारखा. साहेबांचा चहाचा प्याला त्यांनी जन्मात कधी हातात धरला नव्हता.

"असं करू नगा, पाळकसाहेब," ते हळू म्हणाले. "गावात गेलं म्हंजी? पाद्र्याचाच देवावर इस्वास न्हाई म्हणतील."

"म्हणू देत."

"आन आमी? आमी कुणाकडं बगायचं? तुमचंच असं झाल्यावर आमचं काय ऱ्हातंय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते घाबरले होते. सगळे घाबरले होते. एका बाईने आपल्या लेकराला उगाचच जवळ ओढलं. मग पंच उठले. त्यांनी आणि आणखी एकाने माझ्या यजमानांना काखेत हात घालून उठवलं, आजारी माणसाला उठवतात तसं, आणि खुर्चीवर नेऊन बसवलं. पंचांनी त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली.

"प्रार्थना करा आता," ते म्हणाले. "समदी वाट बगत्यात."

त्यांनी केली. मी त्यांच्या पुष्कळ प्रार्थना ऐकल्या होत्या, पण त्या दिवशीच्या प्रार्थनेसारखी एकही नव्हती. बायका रडल्या. बाहेर पडताना कोणी तरी म्हणालं, आजची प्रार्थना लय भारी झाली. तांब्या सतरंजीवरच राहिला होता. मी तो घरी आणला आणि पाणी दारच्या शेवग्याला ओतलं.  

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोळी मोडून सगळ्यांना दिली, प्याला फिरवला. तो हातोहात जाऊन परत आला. पाळकाने शेवटी घ्यायचा. लोकांच्या माना खाली होत्या. त्यांनी प्याला तोंडाजवळ नेला, ओठ लावला नाही, खाली ठेवला. संध्याकाळी मी प्याला धुवायला घेतला, तेव्हा तळाशी एक घोट होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे."

तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांनी प्रभुभोजन घेतलं नाही. दर तीन महिन्यांनी दुसऱ्यांना देत राहिले. कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्या घटकेला पाळकाकडे बघायचं नसतं.

यानंतर वस्ती आम्हाला जास्तच जपू लागली. लोक बोलून दाखवत नसत, पण ती दुपार त्यांच्या मनाला लागली होती. दारात शाळूचं पोतं येई, कोंबडीची पिलं येत, कौलं न सांगता शाकारली जात. आत्याबाईंनी जुन्या लुगड्यांची घडी शिवून खुर्चीवर घालायला मऊ गादी केली. म्हणाल्या, "बसून बसून पाट दुखत आसंल, म्हून मन भरकटतं." खुर्चीवरून त्यांना पुन्हा खाली यावंसं वाटू नये, म्हणून सगळ्यांनी आपापल्या परीने झटून प्रयत्न केला. ते गादीवर बसत आणि आत्याबाईंचे आभार मानत.

मी पुस्तकं वाचत असे. आत्मिक वाढ कशी होते, त्याच्या पायऱ्या कोणत्या, हे त्यांत नीट लिहिलेलं असे. आमच्या मंडळीत भजनं पाठ होती, शास्त्रपाठ पाठ होते, बाप्तिस्मे होत होते. बाहेरून कोणी आलं, की वाढ झाली म्हणून समाधान मानून जाई. मला मात्र त्या वर्षांत वाढ दिसली नाही. दिसलं ते एवढंच, की शंभरेक माणसं एका माणसाच्या तोंडाने प्रार्थना करत होती, आणि तो माणूस आतून रिकामा होत होता.

पुढच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला लागले. खोकला आणि बारीक ताप. आम्ही त्यांना सांगलीच्या दवाखान्यात आणलं. ते आजारी पडले आणि त्या रविवारी गावात उपासना झाली नाही. पंचांनी देवळाला कुलूप लावून किल्ली कमरेला बांधली आणि ते पहिल्या गाडीने सांगलीला आले. खाटेजवळच्या स्टुलावर ते बसेनात. जमिनीवर उकिडवे बसले, पागोटं गुडघ्यावर ठेवून.

"मंडळी कशी आहे?" यजमानांनी विचारलं.

"वाट बगतीया."

यजमानांनी मान पंचांकडे वळवली. मग ते म्हणाले, "पंच, पूर्वी आजाऱ्याचा हात धरून म्हणत होतात, तसं म्हणा. दोनच ओळी."

पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या यजमानांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणतील. 

"तुमच्याम्होरं मला न्हाई जमायचं," ते शेवटी म्हणाले. "तुमीच म्हणा. मी आमेन म्हंतो."

माझे यजमान वर छताकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. पंचांसाठी केली, वस्तीसाठी केली, आत्याबाईंच्या गुडघ्यांसाठीसुद्धा केली. दम लागत होता, तरी एकही वाक्य अर्धं सोडलं नाही. स्वतःसाठी काही मागितलं नाही. पंच आमेन म्हणाले. जाताना जिन्यापाशी मला म्हणाले, "आजून किती जोर हाय बगा आवाजात. हुत्याल बरं."

ते बरे झाले नाहीत. त्या आठवड्यातच गेले. मातीला साताऱ्याहून गुरुजी आले आणि त्यांनी सांगितलं, की हा सेवक शेवटपर्यंत डगमगला नाही. पंच लहान मुलासारखे रडले. आमच्या मुलीशेजारी यजमानांना ठेवलं.

शाळा माझ्याकडे होती, म्हणून मी गावातच राहिले. काही महिन्यांनी नवा पाळक आला. तरुण, नुकता शिकून आलेला, बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. बोलतो चांगलं. आत्याबाईंची गादी त्याला मिळाली. मनुकांचा रस अजून मीच करते.

त्याच्या पहिल्या तयारीच्या सभेत मी दाराजवळ, शेवटच्या जागी बसले. फेरी माझ्यापाशी आली. "बाई, तुमच्या मनात कोणाविषयी काही आहे का?"

मी म्हटलं, "मी उत्तर देते. पण मग तुम्हालाही कोणी तरी विचारलं पाहिजे. मी विचारू का?"

तो गोंधळला. हसला. त्याचा हात टेबलाची कड चाचपत होता. "माझं काय, बाई," तो म्हणाला. "माझं मन मोकळं आहे." हे तो फार पटकन म्हणाला. पंच सतरंजीकडे बघत होते. कोणी तरी खोकललं. पंच म्हणाले, "चला, प्रार्थना करा," आणि त्याने केली.

बाहेर आल्यावर पंच माझ्यामागे आले. ते आता थकलेत, काठी घेऊन चालतात. म्हणाले, "आवं बाई, पोरगं हाय आजून. त्येला भ्या घालू नगा." मी म्हटलं, "भ्यालाय तो, पंच. म्हणून तर विचारलं."  त्यांनी काठीने मातीत एक रेघ ओढली आणि ते गेले.

पुन्हा मी त्याला सभेत विचारलं नाही. पण दर तयारीच्या शनिवारी तो पितळी तांब्या घासते, भरते आणि त्याच्या खुर्चीशेजारी ठेवते. फेरीत कोणाचं मिटवायचं नसलं तरी ठेवते. बोलून बोलून घसा कोरडा पडतो म्हणून बाई पाणी ठेवतात, असं त्याला वाटतं. सभा संपली की तो ते एकटाच पितो, आणि माझे आभार मानतो.